ताटवाचक

तिनं मांस खाल्लं, हे तुम्ही ठरवलंत. शेजाऱ्यांनी ठरवलं नाही, रेशनवाल्यानं नाही. यंत्रानंसुद्धा नाही, यंत्र नुसता आकडा दाखवतं. त्या आकड्याला ‘मांसाहार, नियमित’ हे नाव तुम्ही दिलंत आणि त्याखाली सही तुमची आहे. साहेब, तुमचं नाव मी इथं घेत नाही. घेतलं तर तुमची बदली होईल, खुर्चीत दुसरा बसेल आणि सही तशीच चालू राहील.

तेव्हा काय झालं ते सरळ सांगतो.

पूर्वी म्हातारपणाच्या पेन्शनीला उत्पन्नाचा दाखला लागायचा. ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याला तो आठवड्यात मिळायचा. ज्याची चूल थंड, त्याला उद्या या. म्हणून ‘वृद्धाधार’ योजना आली तेव्हा लोकांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला. दाखला नाही, अर्ज नाही, एजंट नाही. चिमूटभर केस द्यायचे, बस्स.

केस म्हणजे प्रथिनांचा धागा, आणि ती प्रथिनं येतात ताटातून. निसर्गात नायट्रोजन दोन वजनांचा असतो, बहुतेक सगळा हलका आणि अगदी थोडा जड. झाडपाल्यात जड कमीच. पाला खाणाऱ्या बकरीच्या अंगात तो जरा वाढतो, कारण शरीर हलका आधी बाहेर टाकतं आणि जड धरून ठेवतं. त्या बकरीचं मटण, म्हशीचं दूध, कोंबडीचं अंडं ज्याच्या पोटात जातं, त्याच्या केसात तो आणखी एक पायरी वर चढतो. नुसत्या भाकरी-आमटीवर जगणाऱ्याच्या केसात तो खालीच राहतो. आकडा खाली म्हणजे गरज खरी, पेन्शन चालू. शिवाय केस एकदा डोक्याबाहेर आला की आतून बदलत नाही. महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे बोटभर केसात अर्ध्या वर्षाची जेवणं साठलेली. यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला ताटवाचक म्हणायचे.

इचलकरंजीत एका वॉर्डाचा नमुनेदार होता भरतेश मगदूम. घरोघर जायचं, केस कापायचे, पाकिटात घालून यंत्राच्या गाडीत द्यायचे, हे त्याचं काम. कामावर त्याचा जीव होता. त्याची आई कांडी मशीनवर होती, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. तिच्या शेजारच्या मशीनवर हौसाबाई तोडकर. भरतेशची आई गेली, माग भंगारात गेले, हौसाबाईचा नवरा दत्तोबा गेला. हौसाबाई राहिली. मूलबाळ नाही. अंत्योदयचं रेशन आणि शेजारच्या कल्लव्वानं भिंतीवरून दिलेलं वाटीभर कालवण, एवढ्यावर तिचं चाललं होतं. पेन्शन तिनं कधी मागितलीच नव्हती.

“हात हालतोय तवर मागायचं कशाला रं लेका?”

“हात कुठं हालतोय मावशी? मशीन बंद पडून जमाना झाला.”

“मशीन बंद पडली. हात चालू हाय.”

“आणि मागायचं कुठं आहे? सरकारच दारात आलंय बघा. माझ्या रूपानं.”

हौसाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. “मग सरकार लई बारीक हाय की. जेवतंय का न्हाई?”

हसून गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. आपल्या वॉर्डातला एकही म्हातारा योजनेबाहेर राहता कामा नये, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. शेवटी त्यानं आईचं नाव काढलं.

“आई असती तर तिनं पहिला तुमचाच केस कापला असता.”

“तिनं माझा गळा कापला असता. बरं, ये उद्या. तुझं समाधान.”

दुसऱ्या दिवशी भरतेश गेला तर घर ओळखू येईना. कल्लव्वाच्या दोन खुर्च्या येऊन बसल्या होत्या. कल्लव्वाचेच काचेचे ग्लास, त्यात सरबत. जमीन पुसलेली. हौसाबाई इरकली लुगड्यात, डोक्यावर पदर, पदराखाली चांगला मोठा अंबाडा. सरकार घरात येणार, मग काय गबाळ्यासारखं बसायचं?

“मावशी, गरिबी बघायला आलोय मी. तुम्ही तर लग्नघर केलंय.”

“गरिबी बघायची आसंल तर न सांगता यायचं. सांगून आल्यावर असंच दिसणार.”

“खुर्च्यांवरून काही ठरत नाही म्हणून बरं. केस काय ते बोलणार.”

नियम असा होता की केस नमुनेदारानंच कापायचा, डोक्याच्या मागच्या बाजूनं, अगदी कातड्यालगत. भरतेश कात्री घेऊन उभा राहिला. हौसाबाईनं पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आईच्या वयाच्या बाईच्या डोक्यावरचा पदर ओढायचा कसा? त्याचा हात पुढं होईना.

“तुम्हीच कापून आणा आतून,” तो म्हणाला. “कातड्याजवळून कापा म्हणजे झालं.”

तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडला. पडद्याआड गेली आणि मुठीत बट घेऊन आली. लांब, दाट, काळीभोर.

“कलप लावता वाटतं?”

“चल, चावट कुठला!”

त्यानं पाकीट बंद केलं. खाली आपली सही केली. नियमाप्रमाणे केस कापला, अशी.

निकाल वॉर्डाच्या चौकातल्या पडद्यावर लागायचे, पारदर्शकतेसाठी. कल्पना कुणाची होती, साहेब? हौसाबाईच्या नावापुढं लाल अक्षरं आली: ‘दूध व मांसाहार, नियमित. गरज खोटी.’ आणि गरज खोटी ठरली की बाकीचंही बंद होतं. पुढच्या वेळी रेशनच्या यंत्रानं तिचा चेहरा ओळखला आणि धान्य नाकारलं. जे आजवर चालू होतं ते योजनेत शिरल्यामुळं गेलं. ती शिरली भरतेशमुळं.

कल्लव्वा भिंतीपलीकडून बोलली, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं. “आमचं पिठलं कशाला गोड लागंल आता? तुझ्याकडं तांबडा-पांढरा रस्सा शिजतोय म्हणं. दार लावून खातीस व्हय गं? वास तरी येऊ दे की आम्हास्नी!”

हौसाबाईनं खुर्च्या आणि ग्लास धुऊन-पुसून भिंतीशी ठेवले. त्या दिवसापासून भिंतीवरून वाटी येणं बंद झालं.

भरतेशनं निकाल बघितला तेव्हा पहिल्यांदा त्याच्या मनात काय आलं, तेही सांगतो. त्याला वाटलं, मावशीनं फसवलं. पोराला फसवावं तसं. दोन दिवस तो तिच्या बोळातून गेलाच नाही. यंत्रावर त्याचा एवढा विश्वास होता.

तिसऱ्या दिवशी भांडायला म्हणून गेला. दार उघडंच होतं. हौसाबाई चुलीपुढं बसली होती, डोक्यावर पदर नव्हता. टाळू दिसत होती. पांढऱ्या केसांची एक वेणी, करंगळीपेक्षाही बारीक. आणि खुंटीला टांगलेला केसांचा काळाभोर झुपका, त्याच्या एका बाजूची बट कात्रीनं सरळ कापलेली.

“मावशी, हे काय?”

तिनं घाईनं पदर घेतला. “गंगावन हाय माझं. अंबाड्याला लावायचं. काय बघतोस?”

“तुम्ही यातले केस दिले मला?”

“मग? डोक्यावर काय हाय कापण्यासारखं? कापलं आसतं तर भोक पडलं आसतं.” तिला त्याचा चेहरा बघून राग आला. “आणि चोरीचं न्हवं ते. माझंच केस हायत! दत्तोबा म्हस राखायचा तवाचं. विंचरल्यावर निघालेलं गुंतवळ मी कधी बोहारणीला दिलं न्हाई. समदं साठवून गंगावन करून घेतलं. गुडघ्यापत्तोर हुतं केस माझं. तुझी आई आसती तर तिनं सांगितलं आसतं.”

भरतेश खाली बसला. दत्तोबाची म्हैस. तांब्याभर दूध रोज, रविवारचं मटण. यंत्रानं काही चुकीचं वाचलंच नव्हतं. फक्त तिच्या तिशीतलं ताट वाचलं होतं.

काळा केस बघून आपण विनोद केला, हे त्याला आठवलं. नंतर किती तरी रात्री ते आठवतच राहिलं.

तो तुमच्या कचेरीत आला, साहेब. स्वतः होऊन आला. केस मी कापला नाही, सही खोटी केली, म्हणाला. तुम्ही खूश झालात. यंत्र निर्दोष निघालं ना! “चूक माणसाची, यंत्राची नव्हे,” असं तुम्ही तिथल्या तिथं म्हणालात, आणि त्याला कामावरून कमी केलंत. ते ठीक, त्याची तक्रार नाही. पण रेशन चालू करा, एवढं तो म्हणाला.

“फेरतपासणी झाल्याशिवाय नाही.”

“मग आज करा.”

“नियम आहे. नाकारलेल्यांची तपासणी तीन महिन्यांनी. तोपर्यंत नवीन केस वाढला पाहिजे.”

आता ऐका. इथून पुढची चूक भरतेशची स्वतःची, आणि ती त्यानं प्रेमानं केली.

तो मावशीकडं गेला आणि म्हणाला, “तीन महिने सांभाळायचे. जो केस आता उगवेल तोच वाचणार आहेत. तेव्हा दूध-अंडं लांब ठेवा. कुणी मटणाचा रस्सा दिला तरी नको म्हणा. यंत्राला शंका येईल असं काही पोटात जायला नको.”

“डाळ?”

डाळ चालते, हे त्याला माहीत होतं. “डाळीनं काही होत नाही तसं,” म्हणाला. “पण जेवढं साधं तेवढं बरं.”

जेवढं साधं तेवढं बरं. हौसाबाईनं आयुष्यभर मुकादमाचं ऐकलं होतं. सांगितल्यापेक्षा एक कांडी जास्तच भरायची तिची सवय. रेशन बंदच होतं. भरतेश कण्या आणून द्यायचा, त्यांची मीठ घातलेली पेज करून ती प्यायची. डाळ आणली ती डब्यात तशीच राहिली. एकदा त्याची बायको पद्मश्री दहीभात घेऊन आली तर हौसाबाईनं डबा न उघडता परत दिला.

“घेऊन जा बाई. नवऱ्यानं तुझ्या सांगितलंय, दूध न्हाई. आता चुकलं तर त्याचं नाव जाईल.”

पद्मश्री घरी येऊन म्हणाली, “अहो, त्या वाळत चालल्यात. तुम्ही बघताय ना?”

तो बघत होता. गालाची हाडं वर आलेली, बांगड्या कोपराकडं सरकलेल्या, उठताना भिंतीचा आधार. आणि ते बघताना त्याच्या मनात एक विचार येऊन गेला, जो त्यानं पुढं कुणालाच सांगितला नाही, फक्त मला सांगितला: बरं आहे. आता तरी यंत्राला दिसेल.

फेरतपासणीला नवा नमुनेदार आला. यावेळी सगळं नियमानं झालं. हौसाबाईनं स्वतः पदर खाली घेतला, मान वाकवली. खुर्च्या आणल्या नव्हत्या. सरबत नव्हतं. कात्री कातड्याला लागून फिरली. पाठमोऱ्या मावशीची मान बघून भरतेशला रडू आलं, पण ते सुटकेचंही होतं. आता कुठं पळेल यंत्र?

निकाल लागला: ‘मांसाहार, नियमित. प्रमाण पूर्वीपेक्षा अधिक.’

भरतेश गावातून सरळ प्रयोगशाळेत गेला. ताटवाचकाची आकडेवारी तिथं तपासतात. डॉ. अस्मिता वालावलकर नावाच्या बाई त्या विभागात होत्या. त्यांनी त्याला हाकललं नाही, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

“आजींचं वजन किती?” त्यांनी विचारलं.

“वजन कुणी केलं नाही.”

“तुमच्या मते? पूर्वी आणि आता?”

“पूर्वीही बेताच्याच. आता उचलल्या तर पोरीसारख्या उचलल्या जातात.”

बाईंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, “तुम्हाला कळेल असं सांगते. माणसाला बाहेरून प्रथिनं मिळेनाशी झाली तरी शरीराचं काम थांबत नाही. हृदय चालवायचं असतं. केससुद्धा वाढवायचा असतो. मग शरीर स्वतःचे स्नायू फोडतं. मांड्यांचे, दंडांचे. त्यातला हलका नायट्रोजन लघवीवाटे जातो, जड मागं उरतो आणि तोच नव्या केसात जाऊन बसतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे मांस खाणाऱ्याच्या केसात जे दिसतं तेच उपाशी माणसाच्या केसात दिसतं. कारण तोही मांसच खात असतो. फक्त ते कुठून आलं, हे यंत्राला कळत नाही.”

भरतेशला बसवेना. उठवेना. “हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“या शास्त्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून आम्ही सांगितलं होतं, केसाबरोबर वजन घ्या. साधा वजनकाटा. दर भेटीला वजन घटत असेल तर तो आकडा मांसाहार म्हणून वाचू नका.”

“मग?”

“प्रत्येक दारात काटा न्यायचा म्हणजे वेळ जातो, असं वरून आलं. गाळलं.” मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “मी पुन्हा विचारायला हवं होतं. नाही विचारलं.”

भरतेश म्हणाला, “बाई, डाळसुद्धा खाऊ नका, असंच मी त्यांना सांगितल्यासारखं झालं.”

“मी वर कळवते,” बाई म्हणाल्या.

परत आल्यावर तो आधी कल्लव्वाच्या दारात गेला. जे ऐकलं ते तिला सांगितलं, नायट्रोजन वगळून. ती धान्य निवडत होती, ते सूप तसंच मांडीवर ठेवून ऐकत राहिली. “म्हंजे म्या म्हणत हुते, दार लावून खातीया...” एवढं बोलून तिनं सूप खाली ठेवलं. मग उठली, मऊ भात कालवला, वर दूध घातलं आणि भिंतीवरून न देता दारातून आत गेली. हौसाबाई दूध बघून तोंड फिरवायला लागली तशी कल्लव्वा ओरडली, “खा मुकाट्यानं! यंत्राच्या बानं सांगितलंय!”

हौसाबाईनं चार घास खाल्ले. मग भरतेशकडं बघून म्हणाली, “काय कळलं रं तिकडं? माझ्या केसात मटण कुठनं आलं?”

“बघतायत अजून, मावशी,” तो म्हणाला. “चुकलंय त्यांचं कुठंतरी.”

सांगायला गेला होता, नाही सांगता आलं. या बाईला कसं सांगायचं, की मी तुला गप्प उपाशी बस म्हणालो आणि तू तुलाच खात बसलीस?

सुनावणी मंगळवारी ठेवलीत तुम्ही. वॉर्ड कचेरीत पडदा, पडद्यावर तुम्ही. भरतेशनं तिला रिक्षातून आणलं, आत धरून नेलं. सोबत कल्लव्वा. डॉ. वालावलकरांनी तुम्हाला कळवलं होतं, आदल्याच दिवशी. पोचल्याचं तुमच्या कचेरीनं त्यांना सांगितलं होतं. तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणू नका.

“हौसाबाई दत्तोबा तोडकर. दोनदा तपासणी झाली, दोन्हीचा निष्कर्ष एकच. आता काय म्हणणं आहे?”

भरतेश पुढं झाला. “साहेब, दुसऱ्या तपासणीचं कारण मी सांगतो. प्रयोगशाळेच्या बाईंनी...”

“तुम्ही आता कर्मचारी नाही. अर्जदाराला बोलू द्या.”

हौसाबाई उभी राहिली. बसून बोला, असं कुणीतरी म्हणालं, तिनं ऐकलं नाही. डोक्यावरचा पदर नीट केला. त्या दिवशी तिनं अंबाडा घातला नव्हता.

“म्हणणं काय न्हाई साहेब. पैसं देऊ नगासा. रेशन बी ऱ्हाऊ दे. एक इचारायचं हाय.”

“विचारा.”

“मशीनीला म्या काय खाल्लेलं दिसलं?”

“मांस. तसं लिहिलंच आहे.”

“तीन म्हयनं पेज प्यालीया मी. ह्या पोराला इचारा. तरी तुमची मशीन म्हणती मांस. आसंल. मशीन शिकलेली हाय, मी न्हाई.” तिला दम लागला. कल्लव्वानं तिचा दंड धरला, आणि धरताच पटकन हात सैल केला, इतका तो बारीक होता. “तेवढं सांगा साहेब. कुणाचं मांस?”

तुम्ही खाली बघितलंत. मग डावीकडं कुणाशी तरी बोललात, आवाज बंद करून. आणि मग तुमचा आवाज आला, “पुढचा क्रमांक.”

ती घरी गेली नाही. वॉर्ड कचेरीच्या बाकावर बसली आहे. उत्तर घेतल्याशिवाय उठत नाही म्हणते. कल्लव्वा डबा आणून भरवते आहे, त्यात दूध आहे, अंडं आहे, आणि तेवढं तरी ती आता खाते आहे. भरतेश शेजारी बसून आहे. ती मधूनमधून त्याच्याकडं बघते, तो जमिनीकडं बघतो. उत्तर त्याच्या तोंडात आहे. तो आज ना उद्या देईलच, आणि ते दिल्यावर आयुष्यभर त्याखाली दबून राहील. त्याचं तो बघेल.

पण तिनं त्याला विचारलेलं नाही. तिनं तुम्हाला विचारलंय. सही तुमची आहे, काटा तुम्ही गाळलात, आणि तुमच्या पडद्यावर लाल अक्षरांत अजून तिचं नाव आहे. शेकडो गावांत अशी लाल नावं आहेत. त्यातली किती माणसं मटण खाताहेत आणि किती स्वतःला, हे शोधायला तुम्हाला एक साधा वजनकाटा लागेल.

बाई थांबलीय, साहेब. पुढचा क्रमांक नंतर पुकारा.

कुणाचं मांस?